मारुती मोटारींमधील इंजिन अदलाबदल

मारुती मोटारींमधील इंजिन अदलाबदल म्हणजे मारुती उद्योग लिमिटेड (२००७ पासून मारुती सुझुकी इंडिया) या कंपनीच्या जुन्या छोट्या मोटारींमध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचे इंजिन, गिअरबॉक्स किंवा इतर सुटे भाग बसविण्याची पद्धत होय. मारुती ८००, ऑम्नी, जिप्सी, मारुती १०००, झेन, एस्टीम, वॅगन-आर आणि आल्टो या मोटारींमध्ये ही अदलाबदल प्रामुख्याने आढळते. या सर्व मोटारींची इंजिने जपानच्या सुझुकी कंपनीच्या 'एफ' आणि 'जी' या दोन कुळांतील असल्यामुळे त्यांचे अनेक भाग परस्परांशी जुळतात. तथापि एकाच कुळातील सर्व भाग एकमेकांच्या जागी बसतातच असे नाही. इंजिनाची मांडणी, गिअरबॉक्स, ब्रेक, इंधनप्रणाली, विद्युत जोडणी आणि वाहनाची कायदेशीर नोंद या सर्वांचा मेळ बसला तरच असा बदल सुरक्षित व वैध ठरतो.

पार्श्वभूमी

मारुती ८०० ही मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी भारतीय रस्त्यावर आली. पहिली आवृत्ती 'एसएस८०' या सांकेतिक नावाने ओळखली जाते. १९८६ मध्ये तिची जागा 'एसबी३०८' या नव्या बांधणीच्या आवृत्तीने घेतली. बाह्य सांगाडा, दारे, काचा व दिवे बदलले, पण ७९६ सीसी क्षमतेचे तीन सिलिंडरचे 'एफ८बी' इंजिन कायम राहिले. हेच इंजिन १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनमध्येही (पुढे ऑम्नी) होते. १९८५ च्या अखेरीस आलेल्या जिप्सीत आणि १९९० मधील मारुती १००० या मोटारीत ९७० सीसीचे 'एफ१०ए' इंजिन वापरले गेले. झेन (१९९३) व एस्टीम (१९९४) या मोटारींबरोबर 'जी' कुळातील इंजिने भारतात सर्वदूर पोहोचली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले.

मर्यादित प्रकारची इंजिने प्रचंड संख्येने तयार झाल्यामुळे देशभर त्यांचे सुटे भाग व ती जाणणारे कारागीर सहज उपलब्ध झाले. अपघातात सांगाडा निकामी झालेल्या मोटारींची चालू इंजिने जुन्या सुट्या भागांच्या बाजारात येऊ लागली. झिजलेल्या इंजिनाचे संपूर्ण काम करण्यापेक्षा असे इंजिन बसविणे कित्येकदा स्वस्त पडत असे. काटकसरीतून सुरू झालेल्या या व्यवहाराला पुढे अधिक शक्तीच्या हौसेची जोड मिळाली.

एका मोटारीत दुसरे इंजिन बसविण्याचे काम मोटार कंपन्यांनीही केले आहे. हिंदुस्थान मोटर्सने मूळच्या ब्रिटिश बनावटीच्या इंजिनावर चालणाऱ्या अँबॅसडरमध्ये पुढे इसुझूचे १,८१७ सीसीचे इंजिन दिले. मुंबईतील कुर्ला येथे कारखाना असलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ११८ एनई या मोटारीत फियाटचा सांगाडा आणि निसानचे १,१७१ सीसीचे इंजिन यांचा मेळ घातला. कारखान्यातील अशा बदलामागे आराखडा, चाचण्या व शासकीय मान्यता असते. गॅरेजमधील बदलामागे बहुधा यांपैकी काहीच नसते. या विषयाचे तांत्रिक व कायदेशीर प्रश्न मुख्यतः या फरकातून उद्भवतात.

इंजिनांची कुळे

| इंजिन | सिलिंडर | बोअर × स्ट्रोक (मिमी) | क्षमता (सीसी) | प्रमुख मोटारी |
|---|---|---|---|---|
| एफ८बी | ३ | ६८.५ × ७२ | ७९६ | मारुती ८००, ऑम्नी |
| एफ८डी | ३ | ६८.५ × ७२ | ७९६ | आल्टो, मारुती ८०० (पाच गिअरची आवृत्ती) |
| एफ१०ए | ४ | ६५.५ × ७२ | ९७० | जिप्सी (सुरुवातीची), मारुती १००० |
| एफ१०डी | ४ | ६८.५ × ७२ | १,०६१ | वॅगन-आर, आल्टो १.१ |
| जी१०बी | ४ | ७२ × ६१ | ९९३ | झेन |
| जी१३बी | ४ | ७४ × ७५.५ | १,२९८ | एस्टीम, जिप्सी किंग, स्विफ्ट (सुरुवातीची) |

तक्त्यावरून या इंजिनांचे नाते स्पष्ट होते. एफ८डी आणि एफ१०डी यांच्या सिलिंडरची मापे एकच आहेत. चौथ्या सिलिंडरमुळे क्षमता ७९६ वरून १,०६१ सीसी होते. एफ८बी आणि एफ८डी यांची क्षमताही सारखीच आहे. मात्र एफ८बीमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन, तर एफ८डीमध्ये चार झडपा असतात. त्यामुळे एफ८बीची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती, तर एफ८डीची सुमारे ४५ अश्वशक्ती आहे. केवळ 'आठशेचे इंजिन' या नावावरून हेड, मॅनिफोल्ड किंवा कॅमशाफ्ट विकत घेतल्यास भाग न जुळण्याचा संभव असतो, तो यामुळेच.

जी१३बी या इंजिनाच्याही अनेक आवृत्त्या आहेत. एस्टीममध्ये ते प्रथम आठ झडपा व कार्ब्युरेटर यांसह सुमारे ६५ अश्वशक्तीचे होते. पुढे सोळा झडपा आणि बहुबिंदू इंधन अंतःक्षेपण (एमपीएफआय) यांसह ते सुमारे ८५ अश्वशक्तीचे झाले.

अदलाबदलीचे प्रकार

१. सारख्या इंजिनाने बदल : मोटारीत मूळ होते त्याच मेकचे व प्रकारचे इंजिन बसविणे. यात माउंटिंग, गिअरबॉक्स व वायरिंग यांत फेरफार करावा लागत नाही. दुरुस्तीच्या हेतूने केलेले बहुतेक बदल या प्रकारात मोडतात.

२. कुळांतर्गत बदल : त्याच कुळातील दुसऱ्या आवृत्तीचे इंजिन बसविणे. उदाहरणार्थ, एफ८बी असलेल्या मारुती ८०० मध्ये आल्टोचे एफ८डी किंवा झेनमध्ये एस्टीमचे जी१३बी इंजिन.

३. कुळाबाहेरील बदल : उदाहरणार्थ, मारुती ८०० मध्ये झेनचे किंवा एस्टीमचे चार सिलिंडरचे इंजिन, अथवा जुन्या ९७० सीसी जिप्सीत १,२९८ सीसीचे इंजिन. यात माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सरची नळी व वायरिंग यांत कमीअधिक फेरफार अटळ असतो.

४. सुट्या भागांची अदलाबदल : इंजिन मूळचेच ठेवून गिअरबॉक्स, ब्रेक, चाके, अल्टरनेटर यांसारखे भाग दुसऱ्या मॉडेलमधून घेणे. चार गिअरच्या मारुती ८०० ला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसविणे हे याचे परिचित उदाहरण आहे.

यांत्रिक बाबी

मांडणी

इंजिन मोटारीत आडवे बसते की उभे, हा पहिला प्रश्न असतो. मारुती ८००, १०००, झेन, एस्टीम व आल्टो यांत इंजिन आडवे असून शक्ती पुढच्या चाकांना मिळते. ऑम्नीमध्ये तेच एफ८बी इंजिन पुढील आसनांखाली उभे बसते व मागची चाके फिरवते. जिप्सीतही इंजिन उभे असून तिला चारही चाकांना शक्ती पुरविण्यासाठी ट्रान्सफर केस असतो. परिणामी ऑम्नी व ८०० यांचे पिस्टन, रिंग व झडपा यांसारखे अंतर्गत भाग बव्हंशी समान असले, तरी गिअरबॉक्सचे कवच, इंजिन माउंटिंग आणि मॅनिफोल्ड वेगळे असतात. मारुती १००० चे ९७० सीसीचे इंजिन जुन्या जिप्सीत बसविताना हीच अडचण येते. अशा वेळी मूळ इंजिनाचे बाहेरचे भाग नव्या ब्लॉकवर चढवावे लागतात.

माउंटिंग व ड्राइव्हशाफ्ट

चार सिलिंडरचे इंजिन तीन सिलिंडरच्या इंजिनापेक्षा लांब व जड असते. मारुती ८०० च्या अरुंद बॉनेटखाली ते बसविताना रेडिएटर सरकवावा लागतो आणि माउंटिंगसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात. वेल्डिंग कच्चे राहिल्यास किंवा पातळ पत्र्यावर केल्यास कंपनांमुळे तेथे तडे जातात. इंजिनाची जागा थोडीशी सरकली, तरी दोन्ही बाजूंच्या ड्राइव्हशाफ्टचा कोन बदलतो. कोन मर्यादेबाहेर गेल्यास सांध्यांवरील रबरी आवरणे फाटतात, वंगण निघून जाते आणि सांधे लवकर झिजतात. गाडी वळविताना येणारा 'टकटक' आवाज हे त्याचे पूर्वचिन्ह असते.

गिअरबॉक्स व क्लच

इंजिनाबरोबर त्याच मोटारीचा गिअरबॉक्स घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग मानला जातो, कारण फ्लायव्हील, क्लच प्लेट व इनपुट शाफ्टचे दाते परस्परांशी जुळलेले असतात. लहान इंजिनाचा गिअरबॉक्स मोठ्या इंजिनाला जोडल्यास दोन अडचणी येतात. एक म्हणजे वाढलेल्या आघूर्णामुळे दातेरी चाकांवर क्षमतेपेक्षा जास्त भार पडतो. दुसरी म्हणजे गिअरचे प्रमाण लहान इंजिनासाठी ठरविलेले असल्याने महामार्गावर इंजिन विनाकारण जास्त फेऱ्यांवर चालते आणि इंधन अधिक लागते.

शीतकरण

मूळ रेडिएटर मूळ इंजिनाची उष्णता वाहून नेण्याच्या बेताने बनविलेला असतो. दुप्पट शक्तीचे इंजिन उष्णताही त्याच मानाने अधिक बाहेर टाकते. लहान रेडिएटर तसाच ठेवल्यास शहरातील वाहतूक कोंडीत व घाटात इंजिन तापते, हेड गॅस्केट जळते आणि हेड वाकू शकते.

इंधनप्रणाली व वायरिंग

कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीत इंजिनावरच बसविलेला यांत्रिक पंप अल्प दाबाने पेट्रोल पुरवतो. एमपीएफआय इंजिनाला मात्र टाकीतील विद्युत पंपाकडून दोन ते तीन बारच्या आसपासचा स्थिर दाब लागतो. त्यामुळे असे इंजिन जुन्या मोटारीत बसविताना पंप, उच्च दाबाच्या नळ्या, दाबनियंत्रक आणि बहुधा टाकीही बदलावी लागते. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवणे आगीला निमंत्रण देणारे ठरते.

एमपीएफआय इंजिनाचे नियंत्रण संगणकीय एककाकडे (ईसीएम) असते. थ्रॉटलची स्थिती, क्रँकशाफ्टची स्थिती, मॅनिफोल्डमधील दाब, पाण्याचे तापमान आणि धुरातील प्राणवायू यांची माहिती संवेदकांकडून घेऊन ते इंधनाचे प्रमाण ठरवते. म्हणून इंजिनाबरोबर त्याच आवृत्तीचे ईसीएम, संपूर्ण वायरिंग व सर्व संवेदक घ्यावे लागतात. एखादा संवेदक नसल्यास ईसीएम राखीव पद्धतीने काम करते. गाडी चालते, पण इंधन अधिक जाळते व धूर वाढतो. चोरीप्रतिबंधक इमोबिलायझर असलेल्या मोटारीचे ईसीएम तिच्या मूळ किल्लीविना इंजिन सुरू होऊ देत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

अदलाबदलीतील सर्वांत गंभीर उणीव म्हणजे शक्ती वाढवून ब्रेक मूळचेच ठेवणे. मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम आहे. ३७ अश्वशक्तीच्या इंजिनासह तिला दर टनामागे सुमारे ५७ अश्वशक्ती मिळते. ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवून वजन ७०० किलोग्रॅमपर्यंत गेले असे धरल्यास हे प्रमाण १२० च्या वर, म्हणजे दुपटीहून अधिक होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी तीच मोटार थांबविताना ब्रेकना सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते. उतारावर वारंवार ब्रेक लावल्यास लहान डिस्क व ड्रम तापतात आणि त्यांची पकड घटते. पुढच्या भागात वाढलेल्या वजनामुळे स्प्रिंग दबतात व मागील चाकांवरील भार तुलनेने हलका होतो. परिणामी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मागची चाके लवकर घसरू शकतात. त्यामुळे इंजिन बदलताना ज्या मोटारीचे इंजिन घेतले, तिचेच ब्रेक, हब व सस्पेन्शनही घ्यावे, असा संकेत जाणकारांमध्ये आहे.

चाकांचा बदल वरवर निरुपद्रवी वाटतो. मारुती ८०० चे १४५/७० आर१२ मापाचे टायर सुमारे ५०८ मिलिमीटर व्यासाचे, तर झेनचे १४५/७० आर१३ मापाचे टायर सुमारे ५३३ मिलिमीटर व्यासाचे आहेत. ८०० ला झेनची चाके लावल्यास प्रत्यक्ष वेग वेगदर्शकावरील आकड्यापेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी जास्त असतो. काटा ६० वर असताना मोटार ताशी ६३ किलोमीटरने धावत असते. नटांमधील अंतर व चाकाचा ऑफसेटही जुळणे आवश्यक असते. अन्यथा वळणावर टायर सांगाड्याला घासतो किंवा बेअरिंगवर अतिरिक्त ताण येतो.

कायदेशीर स्थिती

इंजिन क्रमांक

भारतातील प्रत्येक मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रात (आरसी) चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक नमूद असतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यामुळे पिस्टन, हेड किंवा कार्ब्युरेटर बदलल्यास वाहनाची नोंद बाधित होत नाही. ब्लॉक बदलताच मात्र मोटार व तिची कागदपत्रे यांत तफावत निर्माण होते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व पुढे तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. नूतनीकरणाच्या किंवा मालकी हस्तांतरणाच्या वेळी ही तफावत उघडकीस येते आणि अनेकदा ती आधीच्या मालकाने केलेली असल्याने नवा खरेदीदार अडचणीत सापडतो.

मोटार वाहन अधिनियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील भिन्न होतील असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. मूळ मेकच्या व प्रकारच्या इंजिनाने केलेला बदल आणि वेगळ्या जातीचे इंजिन बसविणे यांत कायदा भेद करतो. पहिल्या बाबतीत नोंदणी प्राधिकरणाकडे नोंद करून घेण्याचा मार्ग उपलब्ध असतो. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यासही विहित अटींवर मुभा आहे. अशा संचांना मान्यता देणाऱ्या चाचणी संस्थांमध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेचा समावेश होतो.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे फेरफार कलम ५२ खाली अनुज्ञेय नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंद न केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही वाद उद्भवू शकतो.

प्रदूषण नियम

प्रदूषण नियंत्रण (पीयूसी) तपासणीत लागू होणारी मर्यादा मोटार कोणत्या मानकानुसार बनली यावर अवलंबून असते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी निष्क्रिय फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर भारत स्टेज-२ व ३ च्या वाहनांसाठी ०.५ टक्के ठेवण्यात आली. त्यामुळे जुने कार्ब्युरेटरचे इंजिन नंतरच्या मोटारीत बसविल्यास ती तपासणीत अनुत्तीर्ण होण्याची शक्यता मोठी असते.

चोरीच्या भागांचा प्रश्न

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अपघातग्रस्त व भंगारात काढलेल्या मोटारींच्या भागांबरोबर चोरीच्या मोटारींचे भागही मिसळण्याचा धोका असतो. उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार या कारणासाठी कुप्रसिद्ध झाला होता. २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तेथील व्यवहार बंद पाडले. इंजिन चोरीच्या वाहनाचे निघाल्यास चोरीशी संबंध नसलेल्या खरेदीदारालाही चौकशीला सामोरे जावे लागते. म्हणून विक्रेत्याची पावती आणि ज्या मोटारीतून इंजिन काढले तिच्या नोंदणीची प्रत घेणे महत्त्वाचे मानले जाते.

मोटार क्रीडा व परदेशातील प्रसार

मोटार शर्यतींमध्ये वाहनातील फेरफार स्पर्धेच्या गटनियमांनी ठरतात व वाहने बंदिस्त मार्गावर धावतात. भारतातील 'फॉर्म्युला मारुती' या गटातील एकआसनी शर्यतीच्या गाड्यांना मारुतीचे इंजिन बसविलेले असे. रॅलींमध्ये जिप्सी दीर्घकाळ लोकप्रिय राहिली.

सुझुकीची हीच इंजिने परदेशांतही अदलाबदलीसाठी वापरली जातात. उत्तर अमेरिकेत जिप्सीशी साधर्म्य असलेल्या सुझुकी सामुराईमध्ये 'जी' कुळातील १.६ लिटरचे इंजिन बसविण्याची पद्धत प्रचलित आहे. पाकिस्तानात १९८९ ते २०१९ या काळात बनलेली सुझुकी मेहरान ही एसबी३०८ बांधणीची व एफ८बी इंजिनाची, म्हणजे मारुती ८०० ची जुळी बहीणच होती.

सद्यस्थिती

मूळ मॉडेलांचे उत्पादन थांबल्यामुळे चांगल्या स्थितीतील जुनी इंजिने दुर्मीळ होत आहेत. पूर्वी स्वस्त दुरुस्ती म्हणून केली जाणारी अदलाबदल आता जुन्या मोटारींच्या जतनाशीही निगडित झाली आहे. मूळ इंजिन क्रमांक कायम असलेल्या मोटारीला संग्राहक अधिक पसंती देतात. त्यामुळे इंजिन बदलण्याऐवजी मूळ ब्लॉकचे बोअरिंग करून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसविण्याकडे अशा मालकांचा कल असतो. या मार्गाने इंजिन नव्यासारखे होते आणि नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकही अबाधित राहतो.

हेही पहा

मारुती ८००
मारुती ऑम्नी
मारुती जिप्सी
मोटार वाहन अधिनियम, १९८८
अंतर्ज्वलन इंजिन